रेव्हरंड बेझ आणि आमची शुक्रवारची रात्र

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आपल्या संपादक मंडळाचा फोन दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मी प्रोजेक्टची डेडलाइन पुढे करून सुटका करून घेतो. या वर्षी मात्र स्वतःहून हो म्हटलं. एका माणसाचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फेडायचा दुसरा काही मार्ग मला सुचत नाही. त्या माणसाला जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. आमची मुलगी जन्मून आठ दिवस झाले होते. सासूबाई बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. घरात डिंकाचे लाडू, शेपा, बाळाची मालिश असा सगळा थाट होता, आणि ओव्याच्या धुरीने अपार्टमेंटचा स्मोक अलार्म दोनदा वाजून झाला होता. इथे अमेरिकेत बाळ जन्मलं की एक-दोन दिवसांत त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका कागदावर घेतात आणि राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या ऑफिसातून फोन आला. त्या तपासणीत एका दुर्मिळ हॉर्मोनच्या विकाराचा निकाल पॉझिटिव्ह आला होता. शनिवारी सकाळी पुन्हा रक्त द्यायचं, निकाल मंगळवारी. तोपर्यंत दूध पिणं कमी झालं, उलट्या झाल्या किंवा बाळ सुस्त वाटलं तर थेट इमर्जन्सी. चाचणी कितपत बरोबर असते असं मी विचारलं, तर निरोगी बाळांपैकी हजारात पाचांचाच निकाल चुकून पॉझिटिव्ह येतो असं त्या बाईंनी सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा होता. साडेनव्व्याण्णव टक्के. म्हणजे संपलंच की! बायको रडायला लागली, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या आणि मिरच्यांनी बाळाची दृष्ट काढली, आणि अलार्म तिसऱ्यांदा वाजला.

रात्री अकरा वाजता मात्र डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. हा विकार किती बाळांना होतो? साधारण पंधरा हजारांत एकाला. मी विजेच्या बिलाच्या पाकिटावर मांडणी केली. समजा पंधरा हजार बाळं तपासली. त्यातलं एक खरोखर आजारी, ते चाचणीत सापडलं असं धरू. उरलेली १४,९९९ निरोगी. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याचा निकाल चुकीचा आला, तरी ती झाली पंचाहत्तर बाळं. म्हणजे त्या संध्याकाळी ज्यांच्या घरी असा फोन जाईल अशी एकूण शहात्तर घरं, आणि त्यांतल्या पंचाहत्तर घरांतलं बाळ ठणठणीत! साडेनव्व्याण्णव टक्के कुठे आणि सव्वा टक्का कुठे.

मी ते पाकीट बायकोला दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की शहात्तरांतलं ते एक आपलं असलं तर? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ती रडायची थांबली होती, आणि तिने बाळाला पाजायला घेतलं.

हा हिशेब ज्याच्या नावाने ओळखला जातो तो थॉमस बेझ. इंजिनिअरिंगला असताना त्याचं सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढे नोकरीत स्पॅम ईमेल गाळण्याच्या एका प्रोग्रॅममध्ये ते वापरलंही. पण हा माणूस कोण, हे कधी शोधलं नव्हतं. त्या तीन-चार रात्री बाळ मांडीवर, एका हातात फोन, आणि मी बेझबद्दल मिळेल ते वाचत होतो. त्यातलं थोडंसं तुम्हाला सांगतो.

गंमत म्हणजे ज्याने अपुऱ्या माहितीवरून अंदाज कसा करावा हे शिकवलं, त्याची जन्मतारीखसुद्धा अंदाजानेच काढावी लागते. तो ७ एप्रिल १७६१ ला वारला आणि तेव्हा ५९ वर्षांचा होता, म्हणून जन्म १७०१ किंवा १७०२ मधला. त्याचं म्हणून जे एकच चित्र सगळीकडे छापलं जातं, ते १९३६ साली आयुर्विम्याच्या इतिहासावरच्या एका पुस्तकात आलं होतं. ते त्याचंच असेल याबद्दल जाणकारांना दाट शंका आहे, कारण त्यातले कपडे आणि केसांची ठेवण त्या काळच्या पाद्र्यांशी जुळत नाही.

बेझ घराणं मूळचं शेफील्डचं. तिथल्या सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यात घराण्याने बऱ्यापैकी पैसा कमावला होता. थॉमसचे वडील जोशुआ धर्मोपदेशक झाले, पण इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचे नव्हे. ते त्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे होते. अशा लोकांना पूजाअर्चेची मोकळीक होती, पण सरकारी पदं आणि मोठी विद्यापीठं बंद. ऑक्सफर्डला प्रवेश घ्यायचा तर राजमान्य चर्चच्या तत्त्वांवर आधी सही करावी लागे आणि केंब्रिजला पदवी घेताना. बेझ मंडळींना ते मान्य नव्हतं. म्हणून १७१९ साली थॉमस उत्तरेला स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठात गेला आणि तिथे तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकला. शिकण्यासाठी घरापासून लांब जाणं आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको.

परत आल्यावर काही वर्षं तो लंडनमध्ये लेदर लेन इथल्या प्रार्थनामंदिरात वडिलांच्या हाताखाली होता. १७३४ च्या सुमारास तो केंट परगण्यातल्या टनब्रिज वेल्स या गावी गेला आणि माउंट सायन प्रार्थनामंदिराचा धर्मोपदेशक झाला. या गावात लोहयुक्त पाण्याचा झरा आहे. लंडनचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात तिथे हवापाण्यासाठी येत, झऱ्याचं पाणी पीत आणि उरलेला वेळ गप्पा, नाच आणि पत्ते यांत घालवत. म्हणजे आपलं महाबळेश्वरच म्हणा ना. अशा गावात हा अविवाहित पाद्री रविवारी प्रवचन करी आणि बाकीच्या दिवसांत गणित.

हयातीत त्याची दोनच पुस्तकं निघाली, आणि दोन्हींवर त्याने नाव घातलं नाही. पहिलं १७३१ चं, देवाच्या दयाळूपणाबद्दल. दुसरं १७३६ चं, आणि त्यामागे एक मोठं भांडण होतं. बिशप बर्कली या तत्त्वज्ञाने १७३४ मध्ये न्यूटनच्या कॅल्क्युलसवर हल्ला चढवला होता. त्याचा मुद्दा असा की गणिती लोक ज्या अतिसूक्ष्म राशी घेतात त्या धड शून्यही नाहीत आणि धड काही आहेत असंही नाही, मग धर्मावरच्या श्रद्धेला हसायचा त्यांना काय अधिकार? बेझ स्वतः पाद्री, पण उभा राहिला न्यूटनच्या बाजूने, आणि व्याख्यांपासून एकेक पायरी मांडत त्याने उत्तर दिलं. नाव घातलं नसलं तरी लेखक कोण ते जाणकारांना कळलं असावं, कारण १७४२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला.

आता त्याच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. संभाव्यतेचं गणित तेव्हा नवीन नव्हतं. जुगारी लोकांच्या कृपेने ते शंभरेक वर्षं चाललं होतं आणि द म्वाव्र या गणितज्ञाचं त्यावरचं प्रसिद्ध पुस्तक १७१८ सालीच आलं होतं. पण ते सगळं सुलट दिशेचं. पिशवीत इतके पांढरे आणि इतके काळे गोटे आहेत, तर पाच काढल्यावर तीन पांढरे निघण्याची शक्यता किती? इथे पिशवीत काय आहे ते आधीच माहीत असतं. खऱ्या आयुष्यात पिशवी बंद असते! हातात आलेत ते चार-पाच गोटे आणि त्यावरून आत काय असेल ते ठरवायचं असतं. डॉक्टरांसमोर लक्षणं असतात, आजार दिसत नाही. न्यायाधीशासमोर पुरावा असतो, गुन्हा घडताना त्याने पाहिलेला नसतो. हा उलट दिशेचा प्रश्न बेझने घेतला.

तो समजावण्यासाठी त्याने एक सपाट टेबल आणि गोळे कल्पिले. मी आपला कॅरम बोर्ड घेतो. समजा आजी बोर्डाकडे पाठ करून बसली आहे. नातू बोर्डावर एक सोंगटी टाकतो. ती कुठेही थांबू शकते, सगळ्या जागा सारख्याच संभाव्य. ती डावीकडे आहे की उजवीकडे, आजीला काही कल्पना नाही. आता नातू दुसरी सोंगटी पुन्हा पुन्हा टाकतो आणि दर वेळी फक्त एवढंच सांगतो की ती पहिलीच्या डावीकडे पडली की उजवीकडे. पहिल्यांदा डावीकडे म्हणाला. आजी मनात म्हणणार की पहिली थोडी उजवीकडे असावी. दहापैकी सात वेळा डावीकडे पडली, तर हिशेब सांगतो की पहिली सोंगटी डाव्या कडेपासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर असावी. शंभर वेळा टाकली तर अंदाज आणखी घट्ट होतो. आजीने एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. प्रत्येक वेळी मिळालेली थोडीशी बातमी तिने आधीच्या समजुतीत मिसळली, एवढंच.

बेझच्या विचारातलं मर्म एवढंच आहे. काही माहीत नसताना जे वाटतं ते मान्य करून सुरुवात करा, पुरावा आला की त्याच्या वजनाइतकंच मत हलवा, आणि ते नवं मत पुढच्या पुराव्यासाठी सुरुवातीचं मत म्हणून घ्या. शुक्रवारी रात्री मी केलं ते हेच. पंधरा हजारांत एक ही सुरुवात, चाचणी हा पुरावा.

पण सुरुवातीला सगळ्या जागा सारख्याच संभाव्य का धरायच्या? काहीच माहिती नाही म्हणून? ही शंका खुद्द बेझलाही होती. हे गृहीत सगळ्यांना पटेलच असं नाही असं त्याला वाटत होतं, म्हणून त्याने मांडणी बदलून पाहिली. शेवटी निबंध छापलाच नाही. १७५२ मध्ये तो धर्मोपदेशकाच्या कामातून निवृत्त झाला आणि पुढची नऊ वर्षं टनब्रिज वेल्समध्येच राहिला. कागद घरातच राहिले.

तो गेला ते १७६१ साल आपल्याला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. जानेवारीत पानिपत झालं आणि एप्रिलमध्ये तिकडे बेझ वारला. सदाशिवरावभाऊ पडले की निसटले याबद्दल पुण्यात कितीतरी दिवस खात्रीची बातमी नव्हती. पार्वतीबाईंनी तर भाऊ गेले हे मानलंच नाही, आणि पुढे त्याच आशेवर तोतया उभा राहिला. अपुऱ्या माहितीचा प्रश्न गणिताच्या पुस्तकापुरता कधीच नव्हता. ज्याचं माणूस बातमीच्या पलीकडे असतं, त्याला पुरावा कुठवर मानायचा आणि आशा कुठवर धरायची हे रोज ठरवावं लागतं.

बेझने मृत्युपत्रात इतर लोकांबरोबर रिचर्ड प्राइस नावाच्या तरुण वेल्श धर्मोपदेशकासाठी शंभर पौंड ठेवले होते. त्याचा नेमका पत्ताही त्याला खात्रीने ठाऊक नव्हता, म्हणून न्यूइंग्टन ग्रीनला असेल असा अंदाज लिहून ठेवला. पुन्हा अंदाजच! नातेवाईकांनी बेझचे कागद या प्राइसकडे सोपवले. प्राइसला त्यात हा निबंध सापडला. त्याने तो नीट केला, प्रस्तावना आणि पुरवणी जोडली आणि २३ डिसेंबर १७६३ ला तो रॉयल सोसायटीत वाचला गेला. पुरवणीत त्याने सूर्य रोज उगवताना पाहणाऱ्या माणसाचं उदाहरण घेतलं. नुकताच जगात आलेला माणूस दर पहाटेगणिक अधिक खात्रीने म्हणेल की उद्याही सूर्य उगवेल, पण ती खात्री पूर्ण शंभर टक्के कधीच होणार नाही.

हा प्राइस आपल्या या देशाचाही मित्र बरं का. बेंजामिन फ्रँकलिनशी त्याची मैत्री होती. १७७६ साली त्याने अमेरिकन वसाहतींच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक खूप गाजलं, आणि १७७८ मध्ये इथल्या काँग्रेसने देशाच्या पैशाच्या व्यवहारात सल्ला द्यायला त्याला बोलावलंही होतं. तो आला नाही. आयुर्विम्याचे हप्ते ठरवायला लागणारी मृत्यूंची कोष्टकं तयार करण्यातही त्याचं मोठं काम आहे. मित्राचे धूळ खात पडलेले कागद त्याने चाळले नसते, तर बेझ हे नाव आज कुणाला माहीत नसतं.

त्या वेळी निबंधाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १७७४ मध्ये फ्रान्सच्या लाप्लासने तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली आणि तिला आजचं सर्वसाधारण रूप दिलं. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षं यावर भांडणं झाली. सुरुवातीचं मत हिशेबात घ्यायचं म्हणजे मनाचं घुसडायचं, असं म्हणणारे मोठमोठे संख्याशास्त्रज्ञ होते. केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीजने १९३९ च्या आपल्या ग्रंथात बेझची बाजू लावून धरली. आणि आता आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट: याच जेफ्रीजच्या हाताखाली कोल्हापूरला जन्मलेले डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पीएच.डी. केली, आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. मी त्याच विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्यांचं नाव मला न्यू जर्सीत रात्री तीन वाजता कळलं!

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये ॲलन ट्युरिंगने जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडताना पुराव्याचं वजन करायला हीच पद्धत वापरली. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं विमान २२८ माणसांसह अटलांटिकमध्ये कोसळलं. दोन वर्षं होत आली तरी अवशेष सापडेनात. तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी आधीच्या फसलेल्या शोधांचीही माहिती हिशेबात घेतली, कारण जिथे शोधून सापडलं नाही तीसुद्धा एक बातमीच असते. त्यातून समुद्राचा नवा नकाशा तयार झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये नव्या शोधाच्या पहिल्या आठवडाभरातच अवशेष सापडले. घरच्यांना निदान आपली माणसं कुठे आहेत ते कळलं.

आता आमच्या मंगळवारकडे. शनिवारी बाळाची दुसरी टाच टोचली. दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली असती तर काय, हेही मी मांडून ठेवलं होतं. दोन्ही चाचण्यांच्या चुकांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तर सव्वा टक्क्याची शक्यता एकदम सत्तरीच्या पुढे जाते. म्हणून ती दुसरी टोचणी टाळण्यात अर्थ नव्हता. पहिला हिशेब जितका धीर देतो तितकंच बजावतोही, की पुढची बातमी घ्यायला जा. चार दिवस आम्ही आळीपाळीने जागलो, किती दूध प्यायली ते लिहून ठेवलं. सासूबाईंना मी शहात्तर घरांचा हिशेब सांगितला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की उरलेल्या पंचाहत्तर घरांतही कुणी जागत असेल का? हो म्हटल्यावर त्यांनी देवापुढे दिवा लावून त्या सगळ्यांसाठी हात जोडले. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी फोन आला. सगळं नॉर्मल. आता ती सात वर्षांची आहे आणि कॅरममध्ये मला हरवते.

निकाल चांगला आला म्हणून बेझ बरोबर ठरला असं मात्र मी म्हणणार नाही. निकाल उलटा आला असता तरी तो बरोबरच होता. शहात्तर घरांतलं एक घर खरंच असतं, आणि तिथल्या बाळाचा जीव त्या शुक्रवारच्या फोननेच वाचतो. संभाव्यता आपलं नशीब सांगत नाही. किती घाबरायचं आणि आता पुढे काय करायचं, एवढं ती सांगते. त्या रात्री मला तेवढंच हवं होतं.

पुढे कामानिमित्त लंडनला गेलो तेव्हा एका दुपारी वेळ काढून बनहिल फील्ड्सच्या जुन्या दफनभूमीत गेलो. डॅनिएल डेफो आणि विल्यम ब्लेक तिथेच आहेत, प्राइसही तिथेच. बेझ घराण्याच्या थडग्याचा १९६९ मध्ये जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार झाला, तसं त्यावर कोरलेलं आहे. जवळच बनहिल रोवर एक बिझनेस स्कूल आहे, त्याला २०२१ पासून बेझचं नाव आहे. पुस्तकावर स्वतःचं नाव न घालणाऱ्या माणसाचं! मी दोन मिनिटं उभा राहिलो, नकळत हात जोडले गेले, आणि ऑफिसला परत निघालो.

मंडळी, तुमच्याकडेही कधी ना कधी असा फोन येईल. भारतातून रात्री-अपरात्री येणारा किंवा इथल्याच डॉक्टरांचा. येऊ नये, पण आला तर आधी एक पाकीट आणि पेन शोधा, आणि असं किती जणांना होतं ते विचारा. मग जे करायचं ते नक्की करा, आणि देवापुढे दिवाही लावा. स्मोक अलार्मपासून जरा लांब ठेवला म्हणजे झालं.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!